ट्रेडमध्ये आलेला खेळाडू कसा जोखायचा?

२२ जुलै २०२२ च्या रात्री कॅनडातल्या कॅल्गरी शहरात आइस हॉकीवेड्यांचा जीव भांड्यात पडला. नऊच दिवसांपूर्वी त्यांच्या 'फ्लेम्स' संघाचा सगळ्यात कल्पक खेळाडू जॉनी गोद्रो करार संपल्यावर कोलंबसच्या संघात निघून गेला होता आणि त्याच्या बदल्यात फ्लेम्सच्या हाती काहीच लागलं नव्हतं. पाठोपाठ दुसरा मोठा खेळाडू मॅथ्यू टकाचक यानेही कळवून टाकलं की, कॅल्गरीशी दीर्घ मुदतीचा करार करायचा विचार नाही. अशा पेचात सापडलेला संघ सहसा पडेल त्या किमतीला माल विकून मोकळा होतो. फ्लेम्सचे जनरल मॅनेजर ब्रॅड ट्रेलिव्हिंग यांनी मात्र फ्लोरिडा पँथर्सकडून टकाचकच्या बदल्यात जोनाथन ह्युबर्डो, मॅकेन्झी वीगर, कोल श्विंट हा तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधली, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतली, पहिल्या फेरीची एक निवड, एवढं पदरात पाडून घेतलं.

आकडे बघा. नुकत्याच संपलेल्या मोसमात टकाचकचे १०४ पॉइंट (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला लावलेला हात यांची बेरीज) होते, ह्युबर्डोचे ११५. म्हणजे १०४ वाला गेला, ११५ वाला आला, वर एक भक्कम डिफेन्समन आणि एक ड्राफ्ट पिक. कॅल्गरीने फ्लोरिडाला गुंडाळलं, असं म्हणणारे त्या आठवड्यात ढिगाने होते आणि कागदावर त्यांचं चुकत नव्हतं.

पुढच्याच मोसमात ह्युबर्डो ११५ वरून ५५ वर आला. लीगच्या शंभरेक वर्षांच्या इतिहासात एका मोसमातून दुसऱ्या मोसमात कुणाचे इतके पॉइंट कमी झाले नव्हते. टकाचकने १०९ केले, संघाला अंतिम फेरीत नेलं, आणि २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं फ्लोरिडाने स्टॅनली कप, म्हणजे लीगच्या विजेत्याचा चषक, उचलला.

आइस हॉकी नव्याने बघणाऱ्या कुणालाही 'हे कसं कळणार होतं?' असा प्रश्न पडेल. थोडंफार कळण्यासारखं होतं, आणि ते कुठे शोधायचं हे सांगण्यासाठीच हा लेख आहे. ट्रेड झाला की चाहते 'खेळाडू किती चांगला?' हे विचारतात. त्यापेक्षा उपयोगी प्रश्न असा की, त्याचा खेळ त्याच्या स्वतःच्या अंगात किती आणि आजूबाजूच्या माणसांमुळे, जागेमुळे, कोचमुळे किती? जो भाग अंगात आहे तो त्याच्याबरोबर विमानात बसून नव्या शहरात येतो. बाकीचा जुन्या शहरातच राहतो.

आपल्याकडे ट्रेड म्हणजे काय हे आयपीएलमुळे सगळ्यांना कळलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्समधून मुंबई इंडियन्सकडे परतला, रोहित शर्माच्या जागी कर्णधार झाला, वानखेडेवर त्याची हुर्यो उडाली आणि २०२४ मध्ये मुंबई तळाला, दहाव्या स्थानावर राहिली. हार्दिकच्या गुणवत्तेबद्दल कुणाला शंका नव्हती. सगळा वाद होता तो संघात चपखल बसण्याबद्दलचा. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, असे अदलाबदलीचे सौदे दरवर्षी डझनांनी होतात, आणि करारात खास कलम नसेल तर खेळाडूला कुणी विचारतही नाही. सकाळी एका शहरात सराव, रात्री दुसऱ्या शहराचा शर्ट. कॅल्गरीत, टोरंटोत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांमधली मुलं हे सगळं कोळून प्यायलेली असतात. भारतातून भेटीला गेलेल्या आजी-आजोबांना मात्र हॉकी म्हटलं की खडकीचा धनराज पिल्ले आठवतो. म्हणून आधी खेळाची तोंडओळख करून देतो, तीही ट्रेड समजण्यापुरतीच.

बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा जण असतात: तीन फॉरवर्ड, दोन डिफेन्समन, एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. धावणं इतकं दमवणारं की एक गट साधारण पाऊण मिनिट खेळतो आणि खेळ चालू असतानाच कठड्यावरून उडी मारून बाहेर जातो, दुसरा गट आत येतो. तीन फॉरवर्डच्या गटाला लाइन म्हणतात. प्रत्येक संघाच्या अशा चार लाइन असतात. गोल केला की एक पॉइंट, आणि त्या गोलच्या आधी पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चकती) ज्यांनी पुढे दिला अशा जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा एकेक पॉइंट. या लेखातल्या मोसमांत प्रत्येकी ८२ सामने. सामन्यामागे एक पॉइंट मिळवणारा खेळाडू मोठा मानतात. शंभरी ओलांडणारे तर मोजकेच.

आणखी एक गोष्ट मैदानी हॉकीपेक्षा अगदी वेगळी आहे. रिंगणाला चारी बाजूंनी कठडा असतो, पक त्यावर आपटून परत येतो, आणि गोलच्या मागेही सुमारे ११ फूट खेळायची जागा असते. ही मागची चिंचोळी पट्टी लक्षात ठेवा. टकाचकचा अर्धा संसार तिथेच चालतो.

आता पॉइंटकडे वळू, कारण चाहते पहिल्यांदा तिथेच फसतात. पॉइंट हा एकट्याचा हिशेब दिसतो, पण असतो सामायिक. २०२१-२२ च्या कॅल्गरीच्या पहिल्या लाइनीत गोद्रो, टकाचक आणि एलिआस लिंडहोम हे तिघे एकत्र खेळत. गोद्रोने ४० गोल केले, टकाचकने ४२, लिंडहोमनेही ४२. एकाच लाइनीतल्या तिघांनी चाळिशी गाठणं ही फार दुर्मीळ गोष्ट. त्या उन्हाळ्यात ही लाइन फुटली: गोद्रो कोलंबसला गेला, टकाचक फ्लोरिडाला, लिंडहोम कॅल्गरीतच राहिला. प्रयोगशाळेत मुद्दाम करावा असा प्रयोग आपोआपच घडला. लिंडहोम ४२ गोलांवरून २२ वर आला. गोद्रो ११५ पॉइंटवरून ७४ वर आला, तोही पडत्या संघात एकट्याने गाडा ओढत. टकाचक १०४ वरून १०९ वर गेला.

गोद्रोचा खेळ कमी होता असा याचा अर्थ मुळीच नाही. त्याच्याइतकं हलकं, डोळ्यांचं पारणं फेडणारं स्केटिंग आणि पास देणारे खेळाडू त्या पिढीत फार थोडे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यू जर्सीत सायकल चालवताना गाडीच्या धडकेत तो आणि त्याचा भाऊ गेले, तेव्हा कॅल्गरी आणि कोलंबस दोन्ही शहरं रडली. पण ज्याचा खेळ दुसऱ्याला संधी निर्माण करून देण्यावर उभा आहे, त्याला समोर ती संधी साधणारा लागतो. तो बदलला की आकडा बदलतो. ह्युबर्डो त्याच जातीचा खेळाडू. त्याच्या ११५ पैकी ३० गोल होते आणि तब्बल ८५ असिस्ट. डाव्या विंगला खेळणाऱ्याने एका मोसमात केलेल्या असिस्टचा तो विक्रम होता. म्हणजे दर चार पॉइंटमधले जवळजवळ तीन दुसऱ्या कुणीतरी पक गोलात घातल्यावरच मोजले गेले. हा भाग प्रवासात सांडण्याचा धोका सर्वांत जास्त.

फ्लोरिडात त्याला कोणती माणसं होती, तेही बघा. २०२१-२२ मध्ये पँथर्सनी ३३७ गोल केले. १९९५-९६ नंतर लीगमध्ये कुणीच एवढे केले नव्हते. त्यांचा खेळ धावत्या चढाईचा: आपल्या हद्दीत पक मिळाला की तिघे-चौघे सुसाट निघायचे आणि समोरचा संघ सावरायच्या आत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पास जायचा. ह्युबर्डोची हुशारी अशा वेळी खुलायची. सगळे धावत असताना तो अर्धा क्षण थांबायचा. डिफेन्समन त्याच्याकडे झुकला की त्याच्या स्टिकखालून किंवा पायांमधून पलीकडे पास. पॉवरप्लेला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक माणूस दंड म्हणून दोन मिनिटं बाहेर बसलेला असताना, तो डाव्या कठड्याजवळ पक धरून उभा राहायचा आणि सगळं चित्र डोळ्यांसमोर मांडून घ्यायचा. त्याला लागते ती मोकळी जागा आणि पुढे धावणारे साथीदार.

कॅल्गरीचे कोच होते डॅरिल सटर. जुन्या वळणाचे, दोन स्टॅनली कप जिंकलेले, शिस्तीचे पक्के. त्यांच्या पद्धतीत पक समोरच्या हद्दीत खोलवर टाकायचा, मग तिघांनी मागे धावत जाऊन कठड्याला रेटून तो हिसकावायचा. याला फोरचेक म्हणतात. शॉट भरपूर मारायचे, धोका पत्करायचा नाही. या पद्धतीत पक घेऊन अर्धा क्षण थांबणाऱ्याला जागाच उरत नाही. ह्युबर्डोचा सामन्यातला वेळही सरासरी १९ मिनिटांवरून १७ च्या आसपास आला, साथीदार सतत बदलत राहिले. सगळा दोष सटर यांच्या माथी मारणाऱ्या चाहत्यांशी मी पूर्ण सहमत नाही. पुढच्या वर्षी नवे कोच रायन हस्का आले, तरी ह्युबर्डो ५२ वरच राहिला. पण जोड जमली नाही हे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच दिसत होतं, आणि ट्रेडच्या दिवशीही थोडं डोकं चालवलं असतं तर शंका यावी इतकं ते उघड होतं.

आता टकाचक. त्याचं स्केटिंग वेगवान नाही, आणि हे तो लीगमध्ये आल्यापासून सगळे म्हणत आलेत. त्याचं काम गोलच्या पाच फुटांच्या परिसरात चालतं. एखादा सामना लावून फक्त त्याच्याकडे बघा. पक दुसऱ्या बाजूला आहे, पण हा गोलरक्षकाच्या नाकासमोर उभा. मागून डिफेन्समन पाठीत स्टिक खुपसतोय, हा हलत नाही. गुडघे वाकवून वजन मागे टाकतो आणि स्टिकचं पातं बर्फावर सपाट टेकवून ठेवतो, म्हणजे दुरून मारलेला शॉट कधीही त्यावर आपटून वळू शकेल. शॉट अडला, पक सुटला, की पहिला स्पर्श याचा. पक गोलच्या मागे घरंगळला की हाही मागे. तिथून दोन्ही बाजूंना कुठे कोण मोकळं आहे हे तो पाठ वळवूनच ओळखतो आणि पास देतो. कधी दोन पायांमधून स्टिक मागे नेऊन शॉट मारतो. ३१ ऑक्टोबर २०१९ ला नॅशव्हिलविरुद्ध जादा वेळेचे शेवटचे दोन सेकंदही उरले नसताना त्याने असाच विजयी गोल केला होता. वडील कीथ टकाचक यांनी एनएचएलमध्ये ५३८ गोल केले, तेही बहुतेक याच गोलसमोरच्या गर्दीत उभं राहून. घरचंच बाळकडू.

त्यात आणखी एक भर, जी आकड्यांत पटकन सापडत नाही: तो समोरच्याला डिवचतो. दोन शब्द, एक कोपर, शिट्टी वाजल्यावर एक हलका धक्का. प्रतिस्पर्धी चिडून चूक करतो, दंड होतो आणि याच्या संघाला पॉवरप्ले मिळतो. कधी दंड यालाच होतो, हेही खरं. मला हा प्रकार पूर्वी आवडत नसे. आता वाटतं की सात सामन्यांच्या मालिकेत, रोज त्याच माणसाशी गाठ पडते तेव्हा, या उपद्रवाची किंमत पॉइंटपेक्षा कमी नाही.

आता फरक बघा. गोलसमोरची जागा प्रत्येक रिंगणात तेवढीच आणि तिथेच असते. तिथे टिकून राहायला वेगवान साथीदार लागत नाहीत, कोचची खास योजना लागत नाही, मोकळी जागा तर लागतच नाही. हा खेळ अंगातला. तो कॅल्गरीहून निघून जसाच्या तसा फ्लोरिडात उतरला.

फ्लोरिडाने हा सौदा का केला असेल, त्याचं उत्तरही इथेच आहे. ३३७ गोल करणाऱ्या, १२२ गुणांनी लीगमध्ये पहिल्या आलेल्या त्या संघाने २०२२ च्या प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत टँपा बेविरुद्ध चार सामन्यांत मिळून फक्त तीन गोल केले आणि ०-४ असा हरून तो घरी गेला. प्लेऑफमध्ये धावायला मोकळी जागा मिळत नाही. प्रत्येक जण मागे येऊन वाट अडवतो. मग गोल येतात ते गर्दीतून, उडालेल्या पकावर, कठड्याच्या झटापटीतून. जनरल मॅनेजर बिल झिटो यांनी त्या उन्हाळ्यात कोच म्हणून पॉल मॉरिस यांना आणलं आणि पूर्ण संघ फोरचेकच्या, दमवणाऱ्या खेळाकडे वळवला. त्या खेळाला टकाचक हवा होता. आपला सर्वाधिक पॉइंटवाला खेळाडू, जो अगदी त्याच मोसमात विक्रम करून बसलाय, तो देऊन टाकायला छाती लागते. या सौद्यात मला सर्वांत जास्त कौतुक वाटतं ते या निर्णयाचं.

वयाचा आणि पैशांचा हिशेब चाहत्यांना रुक्ष वाटतो, पण एनएचएलमध्ये तो खेळाइतकाच महत्त्वाचा. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर कडक मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२२-२३ मध्ये ती ८ कोटी २५ लाख डॉलर होती. एकाला एक कोटी दिले की बाकीच्या वीसेक जणांत उरलेलं वाटायचं. म्हणून 'चांगला आहे का?' च्या मागे लगेच 'एवढ्या पैशांत चांगला आहे का, आणि किती वर्षं?' हा प्रश्न येतो. टकाचक तेव्हा २४ वर्षांचा. आठ वर्षांचा करार त्या वेळच्या नियमांनुसार खेळाडूला फक्त त्याचा स्वतःचा संघच देऊ शकत होता, म्हणून कॅल्गरीने आधी त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला ९५ लाख डॉलरचा करार केला आणि मग करारासकट त्याला फ्लोरिडाला धाडलं. तो संपेल तेव्हा टकाचक ३२ वर्षांचा असेल, म्हणजे जवळपास सगळी उमेदीची वर्षं फ्लोरिडाच्या पदरात. ह्युबर्डो २९ वर्षांचा, त्याचा करार एकाच वर्षाने संपणार होता. गोद्रोसारखा हाही फुकट हातातून जाईल या धास्तीने कॅल्गरीने दोनच आठवड्यांत, त्याने फ्लेम्ससाठी एकही सामना खेळण्याआधी, आठ वर्षं आणि ८ कोटी ४० लाख डॉलरच्या करारावर सह्या केल्या. वर्षाला एक कोटी पाच लाख, २०३१ पर्यंत. फॉरवर्डची धार बहुधा पंचविशीच्या आसपास सर्वांत तेज असते आणि तिशीनंतर हळूहळू उतरते. ट्रेडपेक्षाही हा करार कॅल्गरीला जास्त जड गेला, असं माझं मत आहे. नवा माणूस आपल्या संघात जमतो का हे वर्षभर बघण्याची मुभा त्यांनी स्वतःच सोडून दिली.

गेल्या काही वर्षांत चाहत्यांच्या हाती नवी साधनंही आली आहेत. पॉइंटच्या पलीकडे जाऊन ते बघतात की हा खेळाडू बर्फावर असताना दोन्ही संघांनी मिळून शॉटचे किती प्रयत्न केले आणि त्यातले आपले किती. बफेलो संघाच्या गोलरक्षकांचे एकेकाळचे कोच जिम कॉर्सी यांच्या नावावरून या मोजणीला कॉर्सी म्हणतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे अपेक्षित गोल: शॉट कुठून, कोणत्या कोनातून, कशा प्रकारे मारला यावरून तो गोल होण्याची शक्यता काढायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. गोल होणं-न होणं यात नशिबाचा वाटा मोठा असतो. संधी तयार होणं यात कमी. म्हणून नव्या खेळाडूचे गोल आटले पण संधी तेवढ्याच येत असतील, तर थांबायचं. संधीच आटल्या असतील, तर मात्र काळजी करायची. सगळे आकडे दोन्ही संघ पाच-पाच जणांनी खेळत असतानाचे वेगळे आणि पॉवरप्लेचे वेगळे बघावेत. नव्या संघात पॉवरप्लेची जागा आधीच कुणीतरी धरलेली असते आणि तिथले आकडे सर्वांत आधी गळतात.

थांबणं किती गरजेचं असतं हे मिक्को रँटानेनने दाखवून दिलं. फिनलंडचा हा धिप्पाड विंगर कोलोराडोत नेथन मॅकिननच्या लाइनीत वर्षानुवर्षं खेळला आणि २०२२-२३ मध्ये त्याने ५५ गोल केले. २४ जानेवारी २०२५ ला त्याला कॅरोलिनाला पाठवलं. तिथे १३ सामन्यांत २ गोल, ४ असिस्ट. लगेच हाकाटी सुरू झाली: मॅकिननच्या सावलीत वाढलेलं झाड, बाहेर काढलं की सुकलं. शॉट येत होते, संधी येत होत्या, पक आत जात नव्हता. पण तेरा सामन्यांत एवढा बारीक फरक बघायला कुणाला सवड असते? त्याला कॅरोलिनात दीर्घ करारही करायचा नव्हता, म्हणून ७ मार्चला ते त्याला डॅलसला देऊन मोकळे झाले. डॅलसने त्याच्याशी आठ वर्षांचा, वर्षाला एक कोटी वीस लाखांचा करार केला. तिथे त्याला रूपे हिंट्झ आणि मिकाएल ग्रानलुंड हे आपल्याच देशाचे, आपल्याच भाषेत बोलणारे साथीदार मिळाले. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत समोर जुना संघ कोलोराडोच. ३ मे च्या सातव्या सामन्यात डॅलस तिसऱ्या भागात ०-२ ने मागे होता. रँटानेनने त्याच भागात तीन गोल केले, एक करवला, आणि डॅलस ४-२ ने जिंकला. त्या प्लेऑफमध्ये त्याचे १८ सामन्यांत २२ पॉइंट झाले.

मग ह्युबर्डोची घसरण आणि रँटानेनचे ते तेरा सामने यांत फरक कसा करायचा? मी तरी सामन्यांची संख्या आणि कारण या दोन्हींकडे बघतो. ह्युबर्डोचे ७९ सामने होते आणि घसरणीमागे समजण्यासारखं कारण होतं. रँटानेनचे १३ होते, आणि खेळात खोट दिसत नव्हती. पंधरा-वीस सामने होईपर्यंत नव्या खेळाडूचे गोल मोजूच नयेत. त्याऐवजी तीन गोष्टी बघाव्यात: कोच त्याला शेवटच्या पाच मिनिटांत पाठवतोय का, लाइनीतले साथीदार दर सामन्याला बदलताहेत की स्थिरावलेत, आणि पक त्याच्याकडे येतो तेव्हा तो त्याच्या आवडत्या जागी असतो की भलत्याच कोपऱ्यात. या गोष्टी टीव्हीवर नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

एवढं सगळं जोखूनही निकालावर पुरता हक्क सांगता येत नाही, हे २०२२-२३ च्या तक्त्यावरून कळतं. त्या मोसमात फ्लोरिडाचे ९२ गुण झाले, कॅल्गरीचे ९३. कॅल्गरीचा एक जास्तच. पण प्लेऑफ गाठायला पश्चिम विभागात ९३ पुरले नाहीत आणि पूर्वेत ९२ कसेबसे पुरले. शेवटच्या क्रमांकाने आत शिरलेल्या फ्लोरिडाने पहिल्या फेरीत, ६५ विजयांचा विक्रम करून आलेल्या बोस्टनला १-३ अशा पिछाडीवरून हरवलं. त्यातला पाचवा सामना जादा वेळेत टकाचकच्या गोलने वाचला. पुढे कॅरोलिनाविरुद्धच्या मालिकेतल्या पहिल्या लढतीत चौथा जादा भाग संपायला १२.७ सेकंद असताना त्याने गोल केला आणि साजरं करत न बसता, चला घरी, अशी खूण करत तो थेट बाहेर पडला. मालिकेचा शेवटचा गोलही त्याचाच, ४.९ सेकंद बाकी असताना. अंतिम फेरीत व्हेगासविरुद्ध छातीचं हाड मोडल्यावरही तो एक सामना खेळला. फ्लोरिडा ती मालिका हरला. पश्चिमेत दोन-तीन निकाल इकडचे तिकडे झाले असते, तर कॅल्गरी आत असती. पूर्वेत एखादा पक खांबाला लागून बाहेर गेला असता, तर फ्लोरिडा बाहेर. ट्रेडचा न्याय लिहिताना लोक कप बघतात; मी कपाइतकंच गोलसमोर उभं राहण्याला महत्त्व देतो, कारण ते दर सामन्यात दिसत होतं.

कॅल्गरीच्या बाजूने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली वीगरबद्दल. ट्रेडच्या बातम्यांत त्याचं नाव दुसऱ्या ओळीत असायचं, आणि तोच पुढे कॅल्गरीचा सर्वांत भरवशाचा डिफेन्समन झाला. २०२३-२४ मध्ये त्याने २० गोल केले, जे डिफेन्समनसाठी खूपच. त्याचा खेळ पाहिला तर नवल वाटत नाही. तो सामन्यात २० मिनिटांहून जास्त वेळ, समोरच्यांच्या सर्वांत चांगल्या लाइनीपुढे उभा राहायचा, आणि ते काम कुठल्याही शहरात तेच असतं. मोठ्या सौद्यात बिनबोभाट आलेल्या माणसाकडे म्हणूनच आधी बघावं.

दुसरी ह्युबर्डोबद्दल. हा माणूस रुसून बसला नाही. २०२४-२५ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्याने खेळ बदलला. आपला एक माणूस दंडात बसलेला असताना बचावाला उतरणं हे त्याने कधी फारसं केलं नव्हतं, ते तो करू लागला. गोलसमोरच्या गर्दीत शिरू लागला. त्या मोसमात त्याने २८ गोल आणि ३४ असिस्ट केले. पगाराच्या मानाने ६२ पॉइंट कमीच, आणि तो ११५ चा ह्युबर्डो आता परत येणार नाही. पण कॅल्गरीच्या प्रेक्षकांनी त्याला जो मान द्यायला सुरुवात केली, तो त्याने घाम गाळून मिळवला होता.

राहिली ती पहिल्या फेरीची ड्राफ्ट निवड. शेवटी ती २०२५ ची ठरली. ड्राफ्टमध्ये कमकुवत संघाला आधी निवड मिळते आणि विजेत्याला सर्वांत शेवटी. फ्लोरिडाने कप जिंकला म्हणून कॅल्गरीच्या वाट्याला ३२ वा, म्हणजे फेरीतला शेवटचा क्रमांक आला. टकाचक जितका चांगला खेळला, तितका त्याच्या बदल्यात मिळालेला हा हिस्सा स्वस्त होत गेला. त्या क्रमांकावर कॅल्गरीने कलन पॉटर या अठरा वर्षांच्या फॉरवर्डला घेतलं. तो वेगवान आहे, अंगाने लहान आहे, आणि या सौद्यातला त्याचा आकडा अजून मांडायचा आहे.